शाबास न म्हणणारी अक्का

शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे ती मला रोज सकाळी दिसायची. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे अक्का म्हणायचे, मीही म्हणायचो. टोचून नशा करणारी माणसं वापरलेल्या सुया तिच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायची आणि ती त्यांना कोऱ्या, सीलबंद सुया द्यायची. एकाची सुई दुसऱ्याने वापरून रोग पसरू नये म्हणून कुठल्याशा संस्थेने तिला नेमलं होतं. सुई देताना ती उजव्या हाताला डावा लावायची, वाण द्यावं तशी. आणि प्रत्येकाला कानडीत विचारायची, "ऊटा आय्ता?" जेवलास का?

एकदा एक दाढीवाला सुतार रिकाम्या हातांनी आला. "अक्का, सोडलं. आता सुई नको," म्हणाला. माझेच डोळे भरून आले. ती मात्र नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सरी." म्हणजे बरं. "ऊटा आय्ता?"

तो गेल्यावर मला राहवलं नाही. "अक्का, शाबास तरी म्हणायचं होतं."

ती बेळगावकडची, मराठी छान बोलायची. "आज शाबास म्हटलं," ती झाकण लावत म्हणाली, "आणि उद्या परत सुई लागली, तर कुठल्या तोंडानं येईल माझ्याकडं?"

एवढा आनंद गिळून शांत उभं राहता येतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पुढच्याच आठवड्यात तो परत आला, मान खाली घालून. अक्काने डबा उघडून धरला, कोरी सुई काढली, उजव्या हाताला डावा लावला.

"ऊटा आय्ता?"

आवाज तोच होता. त्याने मान वर केली.

"अजून नाही, अक्का."