खोडलेला ठिपका

मला माझीच किळस येते, आणि आता ती लपवण्यात अर्थ नाही. धुळ्याच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो. नोकरी कायम व्हायची तर पीएच.डी. हवी होती. विषय होता धुळीत दडलेल्या दूरच्या दीर्घिका. आतला प्रकाश धूळ शोषते, तापते आणि मिलिमीटरहून जराशा आखूड लहरींत तो बाहेर टाकते. धूळ तापवतं कोण, एवढाच प्रश्न. मी लिहिलं, नुकते जन्मलेले तारे. आलेखावर दर दीर्घिकेच्या धुळीच्या तापमानाचा एक ठिपका होता. सगळे ठिपके माझ्या रेषेवर बसले, एक सोडून. तो बराच वर होता. आत एखादं मोठं कृष्णविवर वायू गिळत असेल आणि जवळची धूळ जास्त तापत असेल, तरच तो तिथे पडतो. मार्गदर्शक म्हणाले, "आता नवं लफडं नको, उडवा तो." मी उडवला. प्रबंध देऊन मोकळा झालो.

पुढच्या रविवारी पारोळ्याजवळ अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, शेतात भरिताचा बेत होता. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून त्यात वांगी भाजली. एका बाजूच्या वांग्यांचा पार कोळसा झाला. इकडे काड्या जास्त पडल्या, असं मी शहाण्यासारखं बोललो.

अक्का म्हणाली, "काड्या त बठ्ठीकडे सारख्याच व्हत्यात, भाऊ. खाले बाभूयना ओंडका शे. राखमा दिखत नही, म्हनीसन तू काड्यासले नाव ठेवस."

तिने राख उकरली. खाली बाभळीचा ओंडका लालबुंद होता.

सोमवारी रजा टाकून जळगावला, पिंप्राळ्याच्या माझ्या घरी, तो ठिपका परत घालून गणित मांडलं. कृष्णविवर होतंच. पण त्याची धग जवळच्या धुळीपुरती. मी मोजलेल्या लहरींत त्याचा वाटा अगदी थोडा, बाकी सगळं ताऱ्यांचंच. म्हणजे ठिपका ठेवला असता तरी माझा निष्कर्ष टिकला असता. चोरी केली, तीही आपल्याच घरात पडलेल्या वस्तूची. खरं सांगितलं तर प्रबंध परत घ्यावा लागणार होता, म्हणून गप्प बसलो.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं विचारलं, "कृष्णविवराचा वाटा तपासलात का?"

"हो सर. फार थोडा आहे."

शब्दन् शब्द खरा होता. त्यांनी मान डोलावली, सही केली आणि म्हणाले, "प्रामाणिक काम आहे."