तुम्हीच पाजा

महिन्याचा पहिला रविवार म्हणजे आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेण्याचा विधी. मी मात्र वर्षभर मागच्या बाकावरच बसून राहतो. आधी राग आवरायला शिकायचं, धाकट्या भावाशी बोलायला लागायचं, आणि मगच प्रभूच्या मेजापाशी जायचं, असं ठरवलंय. दर महिन्याला ठरवतो आणि दर महिन्याला बाकावरच राहतो.

आज शांताबाई पुढे गेल्या. त्यांना कंपवात आहे. पाळकांनी द्राक्षरसाचा प्याला पुढे केला तसे शांताबाईंनी हात उचलले. ते इतके थरथरले की त्यांनी ते पुन्हा मेजापुढच्या कठड्यावर ठेवून दिले.

"पाळकसाहेब, माझ्याच्यानं धरवत नाही. तुम्हीच पाजा," म्हणाल्या, आणि तोंड वर केलं.

खिडकीतलं ऊन त्यांच्या सुरकुतलेल्या गळ्यावर पडलं होतं. घोट खाली उतरताना मला लांबून दिसला, आणि माझाच घसा कोरडा पडला. हात स्थिर होईपर्यंत ही बाई थांबली असती, तर जन्मभर तहानलेलीच राहिली असती.

"कोणी राहिलंय का?" पाळकांनी विचारलं.

राग तसाच होता. भाऊही तसाच दुरावलेला. पण तहान आता बसू देईना. मी उठलो.