जाळाचा आवाज

बहरीनमध्ये, मनामा शहरातल्या बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावरच्या चौघांच्या खोलीत नजीब परकार बाहेरून एम.ए. मराठी करत होता. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. दिवसभर दुकानात हिंदीत तागे उलगडायचे, अरबी गिऱ्हाइकाला खलास-यल्ला करायचं, बिलं इंग्रजीत लिहायची. मग शुक्रवारी सकाळी बाकीचे तिघे क्रिकेटला गेले की ट्रंकेवर साहित्यशास्त्राची पुस्तकं मांडायची.

"ह्याच्यान पगार वाढनार हाय काय?" हारून विचारायचा. हा त्या तिघांतला एक, त्याच्याच गावचा, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा. नजीब पान उलटे. वाचलेलं कुणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटे, आणि सांगायला अख्ख्या मनामात माणूस नव्हतं.

लघुप्रबंधाला त्याने विषय घेतला होता आपल्या आईची बोली. महमुदाबी शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण बोलायला लागली की ऐकत राहावं. रजेवर जाणाऱ्यांबरोबर तो कोऱ्या कॅसेटी धाडी, ती टेपरेकॉर्डरपुढे बसून त्या भरून पाठवी. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला ती घसा साफ करी आणि शेजारच्या पोरीला विचारी, "मशीन चालू केलंस काय?" तेवढा भाग नजीब पुढे ढकलत असे. प्रबंधाला त्याचा उपयोग नव्हता.

इतर लोक घरच्या कॅसेटी ऐकून रडतात. आमचा विद्वान पेन्सिल घेऊन बसे. वाक्य ऐकायचं, मागे घ्यायचं, कार्डावर उतरवायचं. पुस्तकात म्हटलंच होतं की बोलणाऱ्याला बाजूला ठेवा, बोलणं तेवढं पाहा. त्याने आईला बाजूला ठेवलं.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात आलेल्या कॅसेटमध्ये ती म्हणाली, "चुलीतला जाळ आता मला आवाजावरनं समजतो."

नजीब जागचा उठलाच. कार्डावर वाक्य लिहून खाली त्याने शेरा मारला: लक्षणा, उत्तम उदाहरण. रत्नागिरीच्या मार्गदर्शक सरांना पत्राने कळवलं. सरांचं उत्तर आलं की तुमच्या आईंच्या बोलण्यात काव्य आहे. नजीबला आभाळ ठेंगणं झालं. त्या वर्षीची रजा त्याने पुढे ढकलली आणि परीक्षेच्या एप्रिलला जोडून टाकली.

दिवाळीच्या सुमाराला हारून रजेवरून परतला. सुक्या सोड्यांचं पाकीट आणि नवी कॅसेट नजीबच्या हातात देऊन तो खाटेवर बसला, पण बूट काही काढीना.

"तुज्या आयशीन माजं तोंड चाचपलान," तो म्हणाला, "मग वळखलान मला. वरीस झालं, तिला दिसत नाय. तुला सांगितलान नाय?"

"नाही," नजीब म्हणाला. त्याला आईचा रागच आला. एवढी मोठी गोष्ट लपवायची?

मग त्याने कार्डांचा डबा काढला. चुलीच्या जाळाचं कार्ड वरच होतं. खाली आणखी एक, मार्चमधलं: 'ताटातला मासा बोटांना इचारून खाते.' चेतनगुणोक्ती. त्याच्याही खाली: 'दुपार का सांज, ता कोंबड्यांना ठाऊक.' इथे अलंकार कोणता, हे त्याला ठरवता आलं नव्हतं, म्हणून पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.

तिने तीनदा सांगितलं होतं, अगदी सरळ. आणि त्याने सुवाच्य अक्षरात ते लिहूनही घेतलं होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. हा शहाणा सातशे कार्डं शब्द जमवून बसला होता आणि एकही त्याला लागला नव्हता. हारूनसमोर तो रडला, आणि हारूनने पहिल्यांदाच अभ्यासाची थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत नजीब टेलिफोन ऑफिसात गेला. गावात फोन शेजाऱ्यांकडे. "धा मिंटांनी परत कर, घेऊन येतो तिला," शेजारी म्हणाला. हात धरून आणायला लागणार, हे नजीबला आता कळत होतं. त्याने दहाऐवजी वीस मिनिटं जाऊ दिली.

"आई?"

"नजीब!" ती म्हणाली. पलीकडे तिने घसा साफ केल्याचं त्याला ऐकू आलं.

"मशीन चालू केलंस काय?" तिने त्यालाच विचारलं. "मंग बोलते."