ओढून पाहणारी मोठीबाई

मला बघायला आले तेव्हा मोठीबाईनं माझी वेणी ओढली. सगळ्यांच्या देखत कपबशी खाली ठेवली, माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि असा हिसका दिला की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "केस खरे हायेत," असं आपल्या सासूला सांगून ती पुन्हा चहा प्यायला बसली. गंगावनाचा संशय होता म्हणे! तर अशी मी पारखून घेतलेली, तिची धाकटी जाऊ होऊन घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात आले.

ओढून पाहिल्याशिवाय तिचा कशावरच विश्वास नसे. बादलीचा दोर, बकरीचं दावं, चपलेचा अंगठा, नव्या झंपराची शिवण, सगळ्याला एक हिसका. आपल्या पोरीच्या लग्नात व्याह्यांच्या दाट मिशीकडं ती अशी टक लावून बघत होती की मी तिचा हात धरूनच बसले. "डोये फसतेत वं," ती म्हणायची, "हात नाई फसत."

आमच्या वावराच्या वर ई-क्लासची टेकडी आहे. ई-क्लास म्हणजे गावाची चराईची सरकारी जमीन, सगळ्यांच्या गुराढोरांची. चरून चरून ती पार उघडी पडली होती. पाऊसही हल्ली पहिल्यासारखा राहिला नाही. महिनाभर तोंड दाखवत नाही आणि आला की तासाभरात सगळं ओतून जातो. त्या पाण्यानं आमची काळी माती नाल्यात नेली आणि वावरात गोटे उघडे पडले. अशात विलायतेच्या पैशाचा प्रकल्प आला. संस्थेचे एक भाऊ होते, पांढऱ्या गाडीतून यायचे. म्हणाले, सिमेंटचा बांध नको, तीन वर्षं टेकडीवर चराई बंद करा, चर खणू, झाडं लावू, गवतच माती धरून ठेवील. हवामान बदलाला हाच निसर्गाचा उपाय आहे.

सभेत मोठीबाई उभी राहिली. "गवत तं फुकटात उगवते. त्याले विलायतेचा पैसा काहून लागते?"

भाऊ हसले. "आजी, तिकडच्या कारखान्यांच्या धुरानं पाऊस बिघडला ना, म्हणून ते मदत करतात."

"म्हणजे धूर त्यायनं करावा, अन् उपाशी आमच्या बकऱ्यायनं राहावं?"

सभा खदखदली. पण घरी येऊन ती वावराच्या कडेच्या धुऱ्यावर कितीतरी वेळ उघड्या गोट्यांकडं बघत बसली. दुसऱ्या दिवशी भाऊंना म्हणाली, "करा. पण तार नाई लावाची. तार लागली का जमीन गेली." चारायला जागा नाही म्हणून तिनं दोन ठेवून बाकीच्या बकऱ्या बाजारात विकल्या. त्यातल्या एकीला तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि जेवली नाही हे माझ्याशिवाय कुणाला कळूही दिलं नाही. पुढं रोज काठी घेऊन टेकडीवर जायची. चोरून कोण चारतो ते बघायला, असं सांगायची. माझ्या मते भाऊंवरही नजर ठेवायला.

गवत आलं हो! कमरेएवढं पवन्या गवत आलं. पुढच्या मोठ्या पावसात नाल्याला पूर आला, पण आमची माती जागची हलली नाही. संस्थेनं लावलेली झाडं मात्र उन्हाळ्यात वाळून गेली, त्यांना कुणी पाणीच घातलं नव्हतं. आणि मग एक दिवस निरोप आला, पैसा देणाऱ्या गोऱ्या मॅडम टेकडी बघायला येणार.

आदल्या दिवशी हिरवा पाला भरलेला ट्रॅक्टर वर गेला. मोठीबाईनं तो पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मी हात जोडले. "बाई, उद्या चूप राहजा जी. त्या रागावल्या, प्रकल्प बंद झाला, तं सारे पुन्हा ढोरं सोडतीन टेकडीवर. बकऱ्या गेल्याच, आता वावरही जाईन."

"मी काही बोलत नाई," ती म्हणाली.

गोऱ्या मॅडम आल्या. उन्हानं लाल झालेल्या, साध्या बाई. वाळलेल्या झाडांच्या खड्ड्याखड्ड्यात हिरवी रोपं डुलत होती. मॅडमनी मोठीबाईला काही विचारलं. मोठीबाईनं गवताचं, मातीचं, विकलेल्या बकऱ्यांचं सगळं सांगितलं. भाऊंनी ते इंग्रजीत सांगून टाकलं.

"मी एवढं बोलली," मोठीबाई माझ्या कानात म्हणाली, "अन् यानं दोन शब्दात कसं उरकवलं वं?"

झालं. ती पुढं झाली, एका रोपाला हात घातला आणि ओढलं. नुसती फांदी हातात आली. दुसरं ओढलं, तीही फांदीच. "मुयाच नाई याले," म्हणत तिनं ती मॅडमच्या हातात ठेवली. भाऊंचं तोंड उतरलं. मॅडम कापलेल्या टोकाकडं बघत राहिल्या आणि गाडीकडं वळल्या.

मोठीबाईनं त्यांचं मनगट धरलं. थेट गवतात ओढत नेलं. तिथं बोरीचं एक रोप होतं, ढोपराएवढं, कुणी न लावता आपलं आपण उगवलेलं. पूर्वी असं रोप दोन पानांवर आलं की बकऱ्या फस्त करायच्या. काटे लागू नयेत म्हणून तिनं आपला पदर त्याला गुंडाळला आणि मॅडमना खूण केली, ओढ.

मॅडमनी ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. पदर टर्रकन फाटला आणि मॅडम गवतात मागं बसल्या. रोप जागचं हललं नाही.

"सांग यायले," मोठीबाई भाऊंना म्हणाली, "अन् पुरं सांगजो. हे तुमी नाई लावलं. हे आमी बकऱ्या विकून ठेवलं."

या वेळी भाऊंनी पुरं सांगितलं असावं, कारण मॅडम उठून बराच वेळ गवतातून फिरल्या, वाकून वाकून आणखी रोपं शोधली. प्रकल्प चालू राहिला, भाऊंची मात्र बदली झाली. मोठीबाईचा संशय काही गेला नाही. "पदर फाडला माया, अन् लुगडं काही धाडलं नाई," हे ती शेवटपर्यंत ऐकवत होती.

पुढं तिकडचा पैसा आटला, गाडी यायची बंद झाली. टेकडीवरचा प्रकल्पाचा बोर्ड पडला, तो आमच्या गोठ्याला दार म्हणून लागला. पण टेकडीवर कुणी ढोरं सोडली नाहीत. गवत कापून आणायचं, हा गावाचा रिवाजच होऊन बसला.

यवतमाळच्या दवाखान्यात ती सलाईनची पट्टीसुद्धा ओढून बघायची, नर्स ओरडायच्या. शेवटच्या दिवशी मला म्हणाली, "पाठ कर वं इकडं." मी पाठ केली. तिनं माझी वेणी ओढली, पांढरी, बोटभर उरलेली. हिसका कुठला, नुसता हात लागला. "खरेच हायेत," म्हणाली.

परवा नवीन लोक आले होते, नवा बोर्ड घेऊन. आमच्या झाडांनी स्वच्छ केलेल्या हवेचे म्हणे तिकडं पैसे मिळतात, फक्त सह्या द्यायच्या. मोबाइलवर दुसऱ्या एका गावातलं हिरवंगार रान दाखवलं. मी चहा दिला. "आजी, विश्वास ठेवा," त्यातला एक म्हणाला.

"ठेवीन ना," मी म्हटलं. "त्या गावचा पत्ता द्या. आधी तिथली झाडं ओढून येते."