तीन ॲप आणि एक मामी

आमच्या मामाला सोसायटीत सगळे टेपरेकॉर्डर म्हणतात. त्याला काहीही सांगा, तो ते आधी जसंच्या तसं तुम्हालाच परत सांगतो. "मामा, चहा झालाय." "चहा झालाय." मग उठतो. नवीन माणसाला वाटतं, हा आपली टिंगल करतोय. टिंगल कसली डोंबलाची! जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या त्याने. एक जण वर मशीनच्या खोलीत, दुसरा खाली खड्ड्यात आणि मध्ये अख्खी इमारत. खालच्याने ओरडून सांगायचं, वरच्याने तेच ओरडून परत म्हणायचं, आणि खालून "बरोबर" आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. अर्धं वाक्य ऐकून काम करणारा जोडीदाराचा जीव घेतो, असं तो म्हणतो. निवृत्त झाला म्हणून ही सवय कुठे जाणार? जित्याची खोड ती.

तर असा हा मामा परदेशी निघाला. लिफ्ट सोडली तर दुसऱ्या कशात बसून कधी वर न गेलेला माणूस! माझ्या मामेबहिणीला सातवा महिना लागला होता, डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं होतं आणि जावयाची नोकरी पाळ्यांची. खरं तर जायला हवं होतं मामीने. पण मायलेकी बोलत नव्हत्या. लेकीने तिकडेच लग्न केलं आणि झाल्यावर फोन करून कळवलं. "आता पुढचंही सगळं झाल्यावरच कळव," असं म्हणून मामीने फोन ठेवला, तो ठेवलाच. दोघीही एकीपेक्षा एक हट्टी. जायची वेळ आली तेव्हा मामीने आपले गुडघे पुढे केले. म्हणाली, एवढा प्रवास त्यांना झेपायचा नाही. बाजारात भाजीवाल्याशी तासभर उभ्याने घासाघीस करताना हेच गुडघे काही म्हणत नाहीत, पण मी कशाला बोलू?

निघायच्या आधी मामा माझ्याकडे आला. मी शाळेत शिकवते, त्यामुळे मला सगळं येतं अशी त्याची समजूत आहे.

"मला तिकडून बोलायची सोय करून दे," तो म्हणाला. "पण अशी, की तुझ्या मामीला काही बोलावं लागू नये आणि तिकडचं सगळं तिला ऐकू यावं."

"मामा, त्याला फोन नाही, रेडिओ म्हणतात."

तो हसला नाही. "आणि एखाद्या दिवशी तिला वाटलंच बोलावंसं, तर नेमका तेव्हा आवाज जाता कामा नये. ती दुसऱ्यांदा बोलायची नाही. तिला मी ओळखतो."

मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी चिडते. "चल दुकानात," म्हटलं.

मोबाईलच्या दुकानात पोचलो तर दुकानदार दोन फोनवर बोलत तिसऱ्याला काच चिकटवत होता. त्याने मामापुढे रोमिंग, पॅक, डेटा, वायफाय असे शब्द भराभर टाकले. मामा प्रत्येक शब्द परत म्हणत गेला. दुकानदाराला वाटलं, काकांना सगळं समजतंय, म्हणून त्याने वेग वाढवला. शेवटी मामाने विचारलं, "यातलं कशात नुसतं ऐकता येतं?"

"काका, ऐकायचा आणि बोलायचा वेगळा पॅक नसतो हो."

"वेगळा नसतो," मामा म्हणाला आणि फारच खट्टू झाला.

जिन्यात शेजारचे निवृत्त मॅनेजर भेटले. त्यांना विचारावं लागत नाही, ते सांगतातच. काही देशांत इंटरनेटवरून बोलायला बंदी असते म्हणे. काही ठिकाणी लिहिलेलं जातं, बोललेलं जात नाही. कुठे चित्र दिसतं पण ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. "तुम्ही नीट चौकशी करा," एवढं सांगून ते घरात गेले. मला त्यांची कडी बाहेरून लावावीशी वाटली.

मी रात्रभर वाचून काढलं. एक ॲप तिकडे चालतं, पण वायफाय हवं. दुसऱ्याला वायफाय नसलं तरी चालतं, पण पैसे आधी भरायचे. तिसऱ्यात आवाज खणखणीत, मात्र ते समोरच्याकडेही असायला हवं. सकाळी मी स्वतःच इतकी गोंधळले होते, की मुलांची हजेरी दोनदा घेतली. मामाने सगळं ऐकून तोडगा काढला: तिन्ही घालायची. लिफ्टलाही एकच दोर नसतो म्हणे, एक तुटला तर दुसरा धरतो. मामीच्या फोनवर निळं, नारिंगी आणि जांभळं अशी तीन चित्रं आली. मामीने बजावलं, "मला ते चेहरे-बिहरे दिसणारं काही नको. नुसतं यांचं बोलणं."

मामा गेला. आणि एक ना दोन, चार दिवस त्याचा फोनच नाही!

मामी पहिल्या दिवशी म्हणाली, दमले असतील. दुसऱ्या दिवशी फोन उशाशी घेऊन झोपली. तिसऱ्या दिवशी तिने तिन्ही चित्रं इतक्यांदा दाबली, की फोन तापला. लेकीकडून मला निरोप आला, बाबा सुखरूप पोचलेत, पण तिन्ही ॲप कसलासा आकडा मागतायत आणि तो आकडा त्यांच्या इकडच्या नंबरवर येतोय. मी विचारलं, मग त्यांच्या फोनवर दिसेल ना? तर त्यात सिमच नाही!

सिम मामीकडे होतं. कपाटात, कापसात गुंडाळून ठेवलेलं.

"जाताना काढून माझ्या हातात दिलं," मामी म्हणाली. "म्हणाले, कुणाला देऊ नकोस."

मी कपाळाला हात लावला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी हा माणूस फ्यूज काढून खिशात टाकायचा, म्हणजे मागे कुणी चुकून चालू करायला नको. परदेशी जाताना त्याने तेच केलं होतं, फक्त बायकोला खिसा समजून. मी ते सिम माझ्या फोनमध्ये घातलं, आकडे आले, ते मी तिकडे कळवले आणि मामाचा आवाज एकदाचा घरात आला. मामी पदराने फोनच पुसत बसली.

मग रोज संध्याकाळी फोन. मामीला मी फोन मोठ्याने लावून देत असे. मामा तिकडे लेकीच्या पलंगाशी बसलेला असायचा.

"जेवली का विचारा," मामी म्हणायची.

"जेवली का विचारतेय," मामा तिकडे सांगायचा.

लांबून बारीक आवाज यायचा, "जेवले."

"जेवले म्हणतेय," मामा.

हे असं रोज. लेकीचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू येत होता, पण मामा परत म्हणेपर्यंत मामी थांबायची. मला वाटायचं, जाऊन दोघींची डोकी एकमेकींवर आपटावीत. पण एक इथे, एक तिथे.

त्या दिवशी मामी कपड्यांच्या घड्या घालत होती. पायाला सूज आहे का, असं तिने विचारलं. "थोडी," बारीक आवाज आला. "थोडी म्हणतेय," मामा.

"थोडी म्हणजे किती? अंगठा दाबला की खड्डा राहतो का?"

"अंगठा दाबला की खड्डा…"

"अहो, तुम्ही गप्प बसा जरा! ऐकतेय ना ती!" मामीच्या हातातली घडी सुटली. "ए बाळा, खड्डा राहतो का गं?"

पलीकडून काही नाही. मग मामाचा घाबरा आवाज, "हॅलो? हॅलो? आवाज गेला! गेला आवाज! थांब, दुसऱ्यावरून लावतो," आणि फोन बंद.

"मामा!" मी ओरडले. कुणाला ऐकू जाणार होतं?

मामीने पडलेली घडी उचलून मांडीवर ठेवली. "तिने ठेवला," ती म्हणाली.

"मामी, मामाने ठेवला. तो येडा आहे."

"नाही. तिने ठेवला. बरोबरच आहे तिचं, मीच ठेवला होता ना."

निळं वाजलं. मी दाबलं, नुसती खरखर. तेवढ्यात नारिंगी वाजलं, मी हात लावेपर्यंत बंद. कुठल्यावर परत लावायचं? मी निळ्यावर लावलं, मामा बहुधा नारिंगीवर लावत होता, दोघंही एकमेकांना बिझी. मला रडू यायला लागलं. आयुष्यात इतका राग मला वर्गातल्या कुठल्याच कार्ट्याचा आला नव्हता.

मग जांभळं वाजलं. मामाचा नंबर नव्हता तो. मी हात पुढे केला, तर मामीने माझ्या हातावर चापट मारली. तिने चष्मा पुसला, दोन बटणांकडे पाहिलं आणि कॅमेऱ्याचं दाबलं.

पडद्यावर चेहरा नव्हता. पाय होता. सुजून टम्म झालेला, चादरीवर ठेवलेला. एक अंगठा आला, घोट्याच्या वर दाबून धरला आणि बाजूला झाला. मामी फोन नाकाला लागेल इतकी वाकली. खड्डा तसाच राहिला. कॅमेऱ्याच्या मागून रडण्याचा आवाज येत होता आणि त्याच्याही मागून मामाचा: "येतंय का ऐकू? येतंय का?"

"राहतो," मामी म्हणाली. "राहतो गं खड्डा. रडू नकोस. पण हे बरं नाही, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना कळव. नाही, नाही, हा ठेवू नकोस. बाबांच्या फोनवरून लाव. हा चालू राहू दे."