तो ‘जातो’ म्हणायचा

“आत राहून गोरा झालाय गो,” गणपतीच्या सोंडेवरचा ब्रश न उचलता एक बाई दुसरीला म्हणाली.

“मग तुझ्या नवऱ्याला पण धाड की चार दिवस,” दुसरी म्हणाली, आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या.

पेणजवळच्या जोहे गावातल्या त्या गणपतीच्या कारखान्यात मी दारालगतच्या खुर्चीवर बसले होते. ज्याच्याबद्दल त्या बोलत होत्या आणि ज्याला मी त्याच दिवशी तिथे कामाला पोचवलं होतं, तो माणूस माझ्यापासून चार हातांवर, मांडीवर एक पांढरी मूर्ती घेऊन पॉलिशपेपरने घासत होता. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर जोडाची रेघ राहते, ती घालवायचं काम. त्याने ऐकलं असणार. त्याचा हात मात्र थांबला नाही. खरंच तो गोरा दिसत होता. रोह्याकडचा भातशेती करणारा माणूस, पण उन्हात फिरणाऱ्या माणसाच्या मानेवर असते तशी काळी कड त्याच्या मानेवर नव्हती.

‘आत’ म्हणजे तुरुंगात, हे मला नव्यानेच कळलं होतं. तुरुंग हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. बांधावरून चुलत भावाशी मारामारी झाली, त्यात भाऊ गेला, आणि हा आत गेला. शिक्षा पूर्ण करून परत आला तेव्हा सख्ख्या भावाने घराचं दार उघडलं नाही. बायको कधीच माहेरी गेली होती. तेव्हा तो रोह्याला आमच्या शेजारच्या बाईंच्या पडवीत येऊन बसला. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि हा त्यांचा जुना विद्यार्थी. “मला तेवढं एकच दार माहीत होतं,” तो म्हणाला होता.

एकाला ठेवून घेतलं की भागलं, असा बाईंचा स्वभाव नव्हता. अशी आणखी माणसं तालुक्यात असणार, ती कुठे जातात, असं त्या विचारत सुटल्या. रोह्याचे रिक्षावाले, कंपनीतला एक कँटीनवाला, पेणचे एक वकील, मशिदीतले एक म्हातारे चाचा, बचत गटाच्या बायका अशी माणसं त्यांनी एकेक करून गोळा केली. गुडघ्यांमुळे त्यांना एकटीला एसटीत चढणं जमेना, म्हणून माझ्या आईकडे त्यांनी मला मागितलं. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते. त्यांची पिशवी धरायची, त्यांना हात द्यायचा आणि बैठकीत मागच्या खुर्चीवर बसायचं, एवढंच माझं काम होतं. बोलायचं नव्हतं म्हणून मी तयार झाले.

एकदाच माझा सल्ला विचारला गेला. वकील म्हणाले, “याला काहीतरी नाव द्यायला हवं. रिहॅबिलिटेशनला मराठीत काय म्हणतात गं?” माझी शाळा इंग्लिश मीडियमची. मी घरी जाऊन शब्दकोश पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, पुनर्वसन. पेणच्या मंगल कार्यालयाबाहेर, जिथे लग्नं नसतील त्या दिवशी आम्हाला खालची खोली मिळायची, तिथे फळ्यावर ‘पुनर्वसन समितीची बैठक’ असं खडूने लिहिलं. त्या दिवशी खोली भरून गेली. खाडीकडची, आतल्या गावांतली माणसं सात-बारा घेऊन आली होती. कुणाची जमीन रस्त्यात गेली होती, कुणाची कंपनीत. “प्लॉट कधी देताय ते बोला,” एका आजोबांनी वकिलांचा हात धरला. आमच्या जिल्ह्यात पुनर्वसन म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात प्लॉट, हे आलेल्या सगळ्यांना माहीत होतं; मलाच नव्हतं. त्यानंतर आम्ही नाव ठेवलं नाही. लोक ‘बाईंची बैठक’ म्हणू लागले.

त्या गर्दीतच जोह्याच्या कारखान्याच्या मालकीण काकू पहिल्यांदा आल्या होत्या, त्यासुद्धा सात-बारा घेऊन. प्लॉट मिळणार नाही हे कळल्यावरही त्या उठल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “माणसाला काम पायजे ना? माझ्याकडे घासायला माणूस नाय. पाठवा त्याला.” मग माझ्याकडे बघून, “ही तुमची पोरगी बोलत नाय काय? मुकी हाय?”

“इंग्लिश मीडियम आहे,” बाई म्हणाल्या. ते जणू पुरेसं उत्तर होतं. सगळे हसले. मीही हसले.

काकूंच्या शब्दावर हमरापूरचे आणखी दोघे कारखानदार बैठकीला येऊ लागले. याचं काम नीट झालं तर आपणही एकेक माणूस घेऊ, असं ते म्हणाले होते. म्हणजे त्या माणसाचं काम टिकतं की नाही, यावर पुढच्यांचं सगळं अवलंबून होतं. बाई हे त्याला सारखं सांगायच्या. मला वाटे, सांगू नये.

त्याला कारखान्यात पोचवायच्या दिवशी बाईंना ताप होता. मी एकटीच त्याच्याबरोबर गेले. वडखळला गाडी थांबली तेव्हा आम्ही उतरून चहा घेतला. मी त्याला काका म्हणायचे, पण तोवर त्याच्याशी माझं धड एक वाक्य झालं नव्हतं. निघताना टपरीवाला सवयीने म्हणाला, “या परत.” काका म्हणाले, “जातो.”

टपरीवाल्याने भुवया वर केल्या. मी काकांकडे पाहिलं असणार, कारण गाडीत बसल्यावर ते आपणहून बोलले.

“सुटायच्या दिवशी बराकीतली सगळी ओरडून सांगतात. ‘येतो’ बोलू नको रे, ‘जातो’ बोल. आई वारली तेव्हा मी रजेवर निघालो होतो. सवयीनं बोललो, ‘येतो.’ सगळी हसली. आणि आलोच ना परत.” त्यांनी तिकीट घडी घालून खिशात ठेवलं. “आता जीभ वळत नाय. कुठलं पण दार असू दे. वाटतं, बोललो तर तिथंच नेतील.”

मला माझी आत्या आठवली. लहानपणी मी तिच्या घरून निघताना ‘मी जाते’ म्हणायचे, आणि ती मला उंबऱ्यात उभी करून ‘येते’ म्हणायला लावायची. शाळेत शिकवलं होतं, गो आणि कम यांचे अर्थ उलटे. निघणाऱ्या माणसाने ‘येते’ का म्हणायचं, हे मला कुणी समजावलं नव्हतं. हे काकांना सांगावं असं फार वाटलं. पेण आलं, आम्ही उतरलो, जोह्याची गाडी धरली. मी सांगितलं नाही.

मग काही आठवड्यांनी ती दुपार आली. मंगल कार्यालयाच्या खोलीत आधीच्या लग्नाची झेंडूची फुलं कोपऱ्यात लोटलेली होती. काकू उशिरा आल्या आणि बसल्याच नाहीत.

“बाई, मी खोटं नाय बोलणार. कामाला चांगला हाय. पण मला नको.”

“काय केलं त्याने?”

“रोज संध्याकाळी माझ्या गणपतींसमोरून ‘जातो’ बोलून निघतो. मी बोलले, असं नको बोलू. दुसऱ्या दिवशी परत तेच.” काकूंचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. “माझा नवरा असाच बोलला होता. घाईत होता. ‘जातो’ बोलला नि निघाला. हायवेला ट्रकनं उडवला. मला तो शब्द माझ्या घरात नको.”

हमरापूरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यातला एक चपला शोधू लागला. चाचांनी डोळे मिटले. काका भिंतीला टेकून उभे होते. नवऱ्याची गोष्ट त्यांनीही तेव्हाच ऐकली, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

“अरे, सांग ना काहीतरी,” बाई म्हणाल्या. “का बोलतोस असं?”

ते मान हलवत राहिले. मला वाटतं, त्यांना सांगता आलं असतं. पण सांगायचं तर आतली गोष्ट सगळ्यांपुढे काढावी लागली असती, आणि तीही काकूंच्या मेलेल्या नवऱ्याच्या गोष्टीसमोर ठेवून. त्यांना ते बरोबर वाटलं नसावं.

हे लिहिताना मला माहीत आहे, की त्या पावसाळ्यात ते काकूंच्या कारखान्यातच होते आणि हमरापूरच्या दोघांनीही पुढे माणसं घेतली. पण त्या दुपारी हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही इतके महिने एसटीने हिंडून जे जमवलं होतं ते चपला घालून बाहेर निघालं होतं. माझ्या मांडीवर बाईंची पिशवी होती. मी तिचे बंद बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. ‘जातो’मागची गोष्ट त्या खोलीत काकांशिवाय फक्त मला माहीत होती.

काकांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. बाईंपुढे वाकले. काकूंकडे न बघता दाराशी गेले.

“जातो, बाई.”

“बघा,” काकू म्हणाल्या. “परत.”

मी उठले. पिशवी खाली पडली, तिच्यातली पाण्याची बाटली गडगडत खुर्च्यांखाली गेली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

“काकू, आतून सुटताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, म्हणून ते तसं म्हणतात. परत तिथे जावं लागू नये म्हणून. त्यांना स्वतःच्या घराच्या दारातसुद्धा कुणी ‘ये’ म्हटलेलं नाही.” मग मी दाराकडे वळले. “काका, हे ते दार नाही. इथून ‘येतो’ म्हणून जा.”