पुतळीचा पायाळू

पुतळी आमच्या पेणच्या घरी मीठ घेऊन यायची. डोक्यावर टोपली, टोपलीवर ओला फडका आणि फाटकातूनच हाक, "बाई, मीठ घेताव ना?" धरमतरच्या खाडीकडे तिचं गाव. नवरा जगन मिठागरावर राबायचा, आणि मोसमात तीही बांधावर असायची. माझे यजमान खारजमिनीच्या कचेरीत होते, त्यामुळे त्या गावची माणसं आमच्या ओळखीची होती.

बासष्ट सालच्या थंडीत ती पहिलटकरीण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पोट एवढं मोठं, की फाटकातून आधी ते आत यायचं, मग ती. शेजारच्या मैनाताई तिची थट्टा करायच्या.

"पुतळे, टोपली डोक्यावर आहे की पोटावर गं?"

"दोनीकडं हाय, ताई. वरची इकायची, खालची नाय इकायची."

मग ती यायची बंद झाली. बाळंत झाली असेल, असं आम्ही धरून चाललो. त्या बाळंतपणाची हकिगत तिनं मला पुढे उन्हाळ्यात सांगितली. नंतरही अनेकदा सांगितली, आणि तिच्या सांगण्यात कधी फरक पडला नाही.

सकाळी बांधावर असतानाच तिच्या पोटात कळ आली. ती चालत घरी आली. सासू इंदुबाईनं बायजा सुईणीला बोलावलं. वाशाला दोर बांधला आणि पुतळी तो धरून उकिडवी बसली. पहिला मुलगा फारसा त्रास न देता आला. एवढासा, हातापायाच्या काड्या, पण रडायला खणखणीत. बायजानं त्याला पुसून बाजूला ठेवलं. इंदुबाई साखर घेऊन शेजारी सांगायला गेली. बायजा आता जार, म्हणजे वार, पडायची वाट बघत होती. तेवढ्यात पुन्हा कळा सुरू झाल्या.

"जार येतोय. गप बस," बायजा म्हणाली.

"मावशी, जार लाथा मारतो काय गो?"

बायजानं हात लावून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "अगो बया! दुसरा हाय आतमंदी. आनि डोकं नाय, पाय हाय पुढं."

पुतळी म्हणायची, "पयल्याला मी वरडले. दुसऱ्याला वरडायला जीवच नव्हता. दोर हातातनं सुटत व्हता. कुडाच्या फटीतनं ऊन दिसत व्हता, ते बगत बसले. मनात म्हटला, ह्या उनाला तरी धरून ऱ्हाऊ." पाय आले, कंबर आली, खांदे आले, आणि डोकं अडलं. बायजानं ओढलं नाही. अंगाला फडका गुंडाळून ते तसंच लोंबतं धरलं आणि पुतळीला सांगितलं, "आता रडू नको, आता फकस्त माजा ऐक." पुढच्या कळेला पोर बाहेर आलं. निळं होतं. बायजानं त्याच्या तोंडात फुंकर घातली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, तेव्हा कुठं ते रडलं. पहिल्याच्या दुप्पट दांडगं होतं.

साखर वाटून इंदुबाई दारात आली आणि तिथंच थांबली.

"आनखी येक?"

"येक. आनि पायाळू," बायजा म्हणाली.

मुठीतली उरलेली साखर इंदुबाईनं कुणाला दिली नाही.

पायांकडून जन्मलेल्या माणसावर वीज पडते, असं आपल्याकडे मानतात. दुसऱ्या कुणाच्या घरात ती नुसती समजूत असेल. इंदुबाईचा नवरा पायाळू होता, आणि मिठागराच्या बांधावरच वीज पडून तो गेला होता. तेव्हा जगन तिच्या कडेवर होता. मिठागरावर ना झाड, ना छप्पर. वळवाचं आभाळ आलं की माणूस हीच तिथली सर्वांत उंच वस्तू. त्या घरात जन्मलेल्या पोराला त्या बांधावर जाण्यावाचून दुसरं काय काम मिळणार होतं?

तेव्हा इंदुबाईनं तोडगा काढला. तिची मुलगी चंद्रावती रोह्याला दिली होती. जावई काळुराम भाताच्या गिरणीत कामाला होता, राहायला पक्क्या भिंतींचं घर होतं. लग्नाला किती वर्षं झाली तरी चंद्रावतीची कूस उजवली नव्हती. "पायाळूला तिच्या ओटीत घालू," इंदुबाई म्हणाली. "तो छपराखाली वाढंल. दांडगा हाय, वरच्या दुधावर बी जगंल. किडका हाय तो आईजवळ ऱ्हाऊ दे." पुतळीनं जगनकडे पाहिलं. जगन म्हणाला, "आईच्या मनात वाकडा नाय." तेही खरंच होतं.

बारसं झालं आणि चंद्रावती मुलाला घेऊन गेली. इंदुबाईच्या घराची एक रीत होती. ओटीत दिलेल्या मुलाला त्याचं जावळ निघेपर्यंत जन्मदात्या आईनं तोंड दाखवायचं नाही. दाखवलं तर पोराचा जीव मागं ओढतो आणि ते तिथंही राहत नाही, इथंही राहत नाही.

एप्रिलमध्ये पुतळी पुन्हा मीठ घेऊन आली. टोपली उतरवली आणि थेट आमच्या परसात गेली. ती कुठं गेली म्हणून मी मागोमाग गेले, तर शेवग्याच्या बुंध्याशी बसून ती दूध पिळून टाकत होती. चोळी पुढून ओलीचिंब. मला बघून तिनं पदर ओढला.

"दोघांचा येतं, बाई," ती म्हणाली. "धाकट्याला तिकडं नेला, पन माज्या अंगाला कुनी सांगितला नाय."

त्या दिवशी पायरीवर बसून तिनं मला हे सारं सांगितलं. थोरल्याचं नाव जनू ठेवलं होतं. किडका जनू दोघांच्या वाटणीचं पिऊन गुटगुटीत झाला होता. धाकट्याचं नाव चंद्रावतीनं तिकडे ठेवलं, ते पुतळीला कुणी कळवलं नव्हतं. ती त्याला पायाळूच म्हणायची.

मे महिन्यात एका सकाळी ती टोपलीशिवाय आली, जनूला कडेवर घेऊन. रोह्याला मिठाचा ट्रक नेणारा सखा आदल्या दिवशी बांधावर बोलला होता, "वयनी, तुजा पायाळू अजून मान धरत नाय गो. म्हाताऱ्यावानी दिसतो." जगन सख्यावर ओरडला, पण पुतळीनं ऐकायचं ते ऐकलं होतं. सासूनं तिला बजावलं, "जावळ झाल्याबिगर जायचा नाय. त्याच्या जिवावर उठशील." जगन खाली मान घालून बसला होता.

"मला यष्टी कळत नाय, बाई. रोहा कुठं उतरायचा ते कळत नाय. चलताव काय?"

मैनाताईंकडे माझी मुलं ठेवून मी तिच्याबरोबर निघाले. वडखळ गेलं, गडब गेलं. कासूच्या पुढे जनू रडू लागला तेव्हा तिनं त्याला पदराखाली घेतलं, आणि तो पिऊ लागला तशी दुसऱ्या बाजूनं धार लागली. तिनं तिथं फडका दाबून धरला. "आज वाया नाय जायाचा," ती म्हणाली. त्या दिवसातलं तेवढं एक वाक्य तिनं हसून म्हटलं.

चंद्रावतीचं घर गिरणीमागच्या आळीत होतं. ती दारात आली, पुतळीला बघितलं आणि दोन्ही हातांनी चौकट धरून उभी राहिली.

"कशाला आलीस गो?"

"त्याला बगायला."

"जावळ नाय झाला त्याचा. तुला म्हायती हाय ना?"

"बगू दे, वन्स. पाया पडते."

"झोपलाय."

आतून आवाज आला. तान्ह्या मुलाचं रडणं म्हणता येणार नाही असा बारीक, कोरडा. पुतळी चंद्रावतीच्या हाताखालून वाकून आत गेली.

पाळणा नवा होता. त्यावर रंगीत चिमण्या टांगल्या होत्या. मुलाच्या मनगटात काळे मणी, गालाला तीट. अंगणात त्याच्याकरता मुद्दाम आणलेली शेळी बांधलेली होती. चंद्रावतीनं काही कमी केलं नव्हतं, हे मला लिहिलंच पाहिजे. दूध जड पडेल म्हणून ती त्यात पाणी घालायची. हगवण लागली तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं दूध तोडलं आणि नुसती पेज पाजली. मुलाची टाळू खोल गेली होती, डोळे मोठे झाले होते, आणि मांड्यांवरची कातडी सैल लोंबत होती. पुतळीनं त्याला उचलून घेतलं आणि जनूला माझ्याकडे दिलं. एकाच पोटातली ती दोन पोरं. जनूचा दंड त्याच्या भावाच्या मांडीपेक्षा जाड होता.

पुतळीनं त्याला छातीशी धरलं. त्यानं तोंड उघडलं, ओठ लागले, पण ओढायला ताकद नव्हती. तिनं पिळून त्याच्या तोंडात दूध सोडलं. ते ओठांच्या कोपऱ्यातून ओघळून मानेवर आलं. तिनं पुसलं, पुन्हा सोडलं. "पी रे बाबा. तुजाच हाय. कुनाचा नाय, तुजाच हाय," ती एकसारखी म्हणत होती. एकदा त्याचा घोट उतरलेला मी पाहिला. चंद्रावतीही पाहत होती. ती पटकन पुढे सरकून म्हणाली, "घोटला! वयनी, घोटला त्यानी!" त्या क्षणी दोघी त्याच्यावर सारख्याच वाकल्या होत्या.

मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ. काळुरामला गिरणीतून बोलावलं आणि आम्ही निघालो. वाटेत पुतळी त्याला पदराखाली धरून पिळतच होती. दवाखान्याच्या ओसरीत आमचा नंबर येण्याआधीच तिचा हात थांबला. दूध आता त्याच्या तोंडातच साचून राहिलं होतं.

चंद्रावतीनं ओरडून त्याला तिच्या मांडीवरून हिसकावून घेतलं.

"खाल्लास! बगितलास आनि खाल्लास! आजपावेतो जगला तो माज्याजवळ!"

पुतळीचे हात तसेच मांडीवर उताणे पडले होते.

तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. काळुराम आणि आळीतले दोन बाप्ये त्याला कुंडलिकेच्या बाजूला घेऊन गेले. पुतळी उठली, तेव्हा काळुराम म्हणाला, "तू नको. तुजा कोन लागत नाय आता तो." सुतक चंद्रावतीच्या घराला होतं, पुतळीच्या नव्हे. ओटीत दिलेलं मूल ज्याच्या ओटीत दिलं त्याचं. तिला तिथं रडायलाही हक्क उरला नव्हता. आम्ही मिळेल त्या गाडीनं परत निघालो. जनू भुकेला होता. पुतळीनं त्याला घेतलं आणि पेण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत पाजत राहिली.

घरी इंदुबाईनं ऐकलं आणि ती एवढंच म्हणाली, "सांगितला व्हता." पुढे गावातही तेच म्हणत राहिले. पायाळूला आईनं बघितलं आणि तो गेला. मी पुतळीला किती वेळा समजावलं असेल. मुलाच्या अंगात पाणी उरलं नव्हतं, त्याचा घसा सुकला होता, दोन महिने अगोदर गेली असतीस तर तो जगला असता. ती सगळं ऐकून घ्यायची.

"तुमी शिकल्याव, बाई. तुमचा खरा असंल," ती म्हणायची. "पन मी गेले आनि तो गेला. मी नसते गेले तर?"

"तरीही गेला असता."

"ते कुनी बगितला?"

पुतळीला पुन्हा मूल झालं नाही. दिवस राहिले तेव्हा तिनंच बायजाकडून औषध घेतलं, असं मैनाताई म्हणायच्या. खरंखोटं मला ठाऊक नाही. जनूला मात्र तिनं मिठागरावर पाऊल टाकू दिलं नाही. तो काही पायाळू नव्हता, तरीही. त्याला शाळेत घातलं, आणि पुढे त्याला रोह्यालाच कारखान्यात नोकरी लागली. तो आईला चल म्हणायचा आणि ती जायची नाही. शेवटी जगन गेला, मिठागर बंद पडलं, आणि जनू तिला घेऊन गेला. तोवर माझे यजमानही गेले होते. ती पेणला आली की माझ्याकडे उतरायची, आणि आम्ही दोघी विधवा बायका ओसरीवर बसायचो. शेवटच्या खेपेला तिनं मला चंद्रावतीला भेटल्याचं सांगितलं.

चंद्रावती त्याच आळीत एकटी होती. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. इतक्या वर्षांत दोघींचं बोलणं नव्हतं. पुतळी तिच्याजवळ बसली, आपण कोण ते सांगितलं आणि म्हणाली, "वन्स, माज्या पायाळूला कुठं पुरला तेवढा सांग. मरायच्या आदी येकदा बगून येते."

चंद्रावती म्हणाली, "सांगितला तर बगायला जाशील."

"आता काय व्हनार हाय त्याला?"

"बगायचा नाय त्याला. नको जाऊ." मग हळू आवाजात, "आनि मला तरी कुठं म्हायती हाय गो. बाप्यांनी नेला. आमचा मालक काय बी न सांगता मेला."

पुतळी नंतर एकटीच नदीकडे गेली होती. तिथं आता रस्ता झाला आहे, दुकानं झाली आहेत, जुनी जागा कुठली ते विचारायला कुणी उरलं नाही. पाय दुखायला लागल्यावर ती एका दुकानाच्या पायरीवर बसली. दुकानदारानं तिला तिथून उठवलं.